पेन्सिलीतला दाब

१२ मार्च, मंगळवार
दिंद्रुडजवळ, दूध संस्थेची चारा छावणी. दादांचा (वडिलांचा) पाय प्लास्टरमध्ये, भाऊ पुण्यात नोकरीला, म्हणून दोन गायींपाशी मी. दोन्ही वेळची हजेरी. दावणीला घरचं माणूस दिसलं नाही की जनावराचं नाव कटतं. संस्थेचे सचिव आमचे दादाच, त्यामुळे नियम आधी आम्हाला. पीएच.डी. महिनाभर बंद.

निघताना लॅबमध्ये दाबपात्र, म्हणजे नमुन्यावर दाब देणारी जाड नळी, भरून ठेवलंय. आत माझा सिरियमचा स्फटिक (वाढवायला सात महिने!), शेजारी कथलाचा कण. कुठल्या पायरीला किती दाब द्यायचा ते वहीत आखलंय. मोजायचं मी परतल्यावर, दोघींनी. लॅबमधल्या रोहिणीने शब्द दिलाय. चार वर्षं एका टेबलावर बसतो आम्ही, काळजी नाही.

१८ मार्च, सोमवार
शेजारच्या दावणीचे शेषेराव काका विचारत होते, शिकतेस तरी काय. सांगितलं, ह्या धातूतले इलेक्ट्रॉन डोक्यावर पोतं घेतल्यासारखे जड चालतात. खूप थंड केलं की त्यांच्यात चुंबकाची शिस्त येते. दाब वाढवत नेला की ती शिस्त एका ठिकाणी मोडते. ते ठिकाण मला शोधायचंय. काका म्हणाले, "आन मोडल्यावर काय ऱ्हातंय?"
चार वर्षांत गाईड सरांनी इतका चांगला प्रश्न विचारला नाही.
टँकर आज पण नाही.

२५ मार्च, सोमवार
लॅबच्या ग्रुपवर सरांच्या एप्रिलमधल्या परिषदेतल्या भाषणाचा गोषवारा. माझा पदार्थ. माझा स्फटिक. माझ्या पायऱ्या. नावं दोन, सर आणि रोहिणी. मी तळाला आभारात, थंड करायचं हीलियम आणून देणाऱ्याच्याही खाली.
रो. फोन उचलत नाही. सरांनी उचलला. म्हणाले, तू नव्हतीस ना इथे, हीलियम काय कुणासाठी थांबतं? वर दादांच्या पायाची चौकशी!
कडब्याच्या गंजीमागे जाऊन रडले. घरी फोन केला तर दादा म्हणाले, "रडतीस कावून? नाव मागून घालता येतंय की."
नाही येत दादा. ह्या एका आलेखावर माझा अख्खा प्रबंध

२९ मार्च, शुक्रवार
गोषवाऱ्यातला आलेख मोठा करून पाहिला. दाबाचे आकडे सगळे सरळसोट, पूर्णांकी. ते माझे पेन्सिलीतले आहेत.

माझी सवय: प्रेसच्या काट्यावरचा दाब पेन्सिलीने, खरा दाब शाईने. पात्र थंड झालं की आतलं तेल आकसतं आणि दाब उतरतो. किती उतरला ते फक्त कथलाचा कण सांगतो, त्यासाठी तो वेगळा मोजावा लागतो. रो.ने हीलियम वाचवायला कथील मोजलंच नाही. पेन्सिलीलाच खरं मानलं. म्हणजे शिस्त मोडायची जागा सरसकट चुकली. खरी बरीच अलीकडे असणार.

हसले. गायीनं मान वळवून बघितलं. भर परिषदेत कुणीतरी उठून विचारेल, आणि सरांचं तोंड बघायला मी तिथे नसेन, एवढंच वाईट.

२ एप्रिल, मंगळवार
हसू टिकलं नाही. सात महिने भट्टीपाशी मी बसले. जगात त्या स्फटिकाबद्दल पहिला आकडा जाणार तो खोटा. नंतर कुणी शहाणा दुरुस्त करेल, आणि त्याचं नाव होईल. रो.ला हे सगळं एका वाक्यात सांगता येईल. का सांगू?

६ एप्रिल, शनिवार
दुपारी रो.चा फोन आला, बारा दिवसांनी. आवाज मऊ. "अशू, रागावलीस ना? नाव सरांनीच काढलं गं." मग मुद्द्यावर आली. "वहीतले दाब फायनल आहेत ना? सर विचारतायत."
म्हणजे शंका आलीय.
मी म्हटलं, "वहीत आहे तेच आहे."
"थँक्यू गं," म्हणाली आणि ठेवला. तिने दगा दिला तो माझ्या पाठीमागे. मी दिला तो तिने सरळ विचारल्यावर.
शेषेराव काकांना सगळं सांगितलं. त्यांनी चूक-बरोबर काही केलं नाही, विचारलं, "मंग त्या खड्याला कुनी वाली हाय का न्हाई?"
भाषण सोमवारी सकाळी दहाला. संध्याकाळची हजेरी झाली. पाण्याच्या टाकीवर चढलं की रेंज येते. वर बसलेय. फोनवर रो.चं नाव दोनदा काढलं, दोनदा बंद केलं. तिसऱ्यांदा लावलाय, रिंग जातेय.