तीनचाकी मोटारीत निरीक्षकसाहेब अडकून पडल्याबाबत

प्रति,
मा. वाहन नोंदणी अधिकारी,
वाहन नोंदणी कार्यालय.

विषय : निरीक्षकसाहेबांना बजावलेली नोटीस मागे घेऊन ती मला बजावण्याबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाची मागील भिंत.

महोदय,

मानवजातीने चाकाचा शोध लावला त्याच दिवशी तिचे भाग्य उजळले, आणि जुनी मोटार जतन करणारा मनुष्य हा त्या भाग्याचा विश्वस्त होय. प्रस्तुत विश्वस्ताच्या मोटारीला चाके तीन असून त्यांपैकी एक सध्या पंक्चर आहे.

सदर मोटारीस बाजूला दारे नाहीत. पुढचा अख्खा चेहरा हेच तिचे दार. फ्रीज उघडावा तशी ती समोरून उघडते आणि माणूस आत जाऊन बसतो. अशी मोटार आता सहसा पाहायला मिळत नाही. ज्यांना मिळते ते हसतात. आमच्या जावईबापूंनी तर स्टेशनवरून सामानासह चालत येणे पसंत केले.

जुनी वाहने भंगारात काढण्याच्या आदेशातून केवळ 'दुर्मिळ' असा शेरा मिळालेली वाहने सुटतात. त्या शेऱ्यासाठी मी गाडी आपल्या आवारात आणली असता निरीक्षकसाहेब लांबूनच म्हणाले, "काका, ही गाडी आहे की अंडं? देऊन टाका भंगारात." मी एका फेरीची विनंती केली. माणूस सज्जन, बसले. फेरी संपवताना मी गाडीचे नाक आपल्या मागील भिंतीला टेकवले. समोर भिंत असता समोरचे दार उघडत नाही, हे आपणांस सांगणे नलगे. रिव्हर्स गिअर अडकला आहे, असे मी त्यांना सांगितले.

महोदय, रिव्हर्स गिअर उत्तम आहे.

शिपायांनी गाडी मागून ओढून पाहिली. ती तसूभर हलली नाही, कारण हँडब्रेक मी ओढून बसलो होतो. खिडकीतून चहाचा पेला आत आला; निरीक्षकसाहेब त्या वाटेने बाहेर जाण्यासारखे नव्हते. ते आधी रागावले, मग घामाघूम झाले, मग चहा पिता पिता त्यांनी विचारले, "हे बटण कशाचं?" तिथून पुढे ते कामातून गेले. लहानपणी वडिलांच्या मोटारसायकलची साइडकार भंगारात गेली, त्या दिवशी आपण जेवलो नव्हतो, असे ते म्हणाले. गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनी शेरा लिहिला. मी हळूच हँडब्रेक सोडला. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले आणि शेऱ्याखाली सही केली. तोवर आपण बोलावलेली बैठक त्यांच्याविना आटोपली होती, म्हणून आपण त्यांना नोटीस बजावली आणि माझी गाडी जप्त केली.

आता कळते की, आपल्या नोटिशीला उत्तर देताना 'ब्रेकच्या चाचणीसाठी गाडी भिंतीपर्यंत नेण्यास अर्जदारास मीच सांगितले', असे त्यांनी लिहून दिले. हे धादांत खोटे असून ते मला वाचवण्यासाठी आहे. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. सौ. म्हणाल्या, "अहो, त्या बिचाऱ्याच्या नोकरीवर आलंय, गाडी तिकडे जप्त, आणि तुम्ही तिचा सुटा आरसा कसला पुसत बसलाय?" मी आरसा खाली ठेवून हा अर्ज लिहायला घेतला.

तरी निरीक्षकसाहेबांवरील ठपका पुसून टाकावा. ते बैठक चुकवून बसले नव्हते, त्यांना बसवून ठेवले होते. शेरा मी लबाडीने मिळवला असल्याने गाडी भंगारात देणे भाग असल्यास तसे करावे. (हे वाक्य मी लिहून खोडले होते, पुन्हा लिहिले आहे.) रिव्हर्स गिअर पडताळून पाहण्यासाठी चावी सोबत जोडली आहे.

जाता जाता एक किरकोळ विनंती. जेवणाच्या सुट्टीत जप्त गाडीत आपण स्वतः बसलेले काल कुंपणापलीकडून दिसलात. बसण्यास माझी काहीच हरकत नाही. फक्त उठताना स्टिअरिंगला धरून उठू नये. ते दाराला जोडलेले आहे.

आपला नम्र आणि सर्वस्वी दोषी,
(सही)
तीनचाकी मोटारीचा तूर्तास मालक
दिनांक : नोटिशीची मुदत संपण्याच्या आदला दिवस