मियाझूचा शेवटचा थांबा

प्रिय बाबा,

काल रविवार असूनही मी फोन केला नाही. तुम्ही नकाशा पसरून, चष्मा पुसून वाट बघत बसला असणार, हे मला इथे ओसाकात बसून दिसत होतं. फोन हातात घेतला होता. पण तुमचा आवाज ऐकला की मी हसून बोलत सुटते आणि बोलायचं ते तसंच राहून जातं. म्हणून लिहिते आहे. पत्र बुधवारी पोचेल, म्हणजे आपण शुक्रवारी निघायच्या आत.

तुम्ही पाठवलेला रस्त्याचा आराखडा मिळाला. जाहिरातीच्या पाठकोऱ्या कागदावर पट्टी धरून काढलेला. दहाला निघायचं, कारण त्याआधी ऊन थेट डोळ्यांवर येतं. क्योगामिसाकीच्या दीपगृहाशी अर्धा तास. मग इनेच्या खाडीकाठी, जिथे होड्या घरांच्या पोटात शिरतात, तिथे डबा. डब्यात बांगड्याचा गोड भुगा पेरलेला भात, आणि पुढे कंसात, 'मीच करतो, तू काही आणू नकोस.' अगदी खाली बारीक अक्षरात लिहिलंत, 'या दिशेने गेलं की समुद्र सगळा वेळ तुझ्या खिडकीशी राहील.' मी तो कागद ऑफिसात उघडला होता. तोंड धुवायला जाते म्हणून उठले आणि बराच वेळ परत आले नाही.

लहानपणी याच रस्त्याने आपण किती वेळा गेलो. मागे तुम्ही विणलेल्या रेशमाचे तागे आणि ताग्यांवर मी झोपलेली. दीपगृह आलं की मी उठून 'थांबा ना' म्हणायची, आणि तुम्ही म्हणायचात, 'माल घेणारा शेठ थांबत नाही गं. एकदा काही पोचवायचं नसताना येऊ, मग तू म्हणशील तिथे गाडी उभी.' ते 'एकदा' चाळीस वर्षांत आलं नाही. आईला बर्फातून इस्पितळात नेत होतात तेव्हाही घाईच होती. म्हणून या फेब्रुवारीत मी म्हटलं, 'बाबा, समुद्राकाठाने जाऊ या का, दोघंच?' तुम्ही म्हणालात, 'तुला रजा मिळेल का? माझं काय, मी रिकामटेकडाच.' तेव्हाच मला लाज वाटायला हवी होती. मला वाटलं, जमलं.

काय जमलं ते सांगते. शेजारच्या ओकुनो आजींना मात्र बोल लावू नका. नोव्हेंबरात त्यांचा फोन आला होता. त्या रस्ता ओलांडत होत्या आणि तुमची गाडी त्यांच्या पिशवीला घासून गेली. मुळे रस्त्यावर गडगडले. तुम्ही तसेच पुढे गेलात, कारण तुम्हाला कळलंच नाही. त्या तुम्हाला काही बोलल्या नाहीत. दर गुरुवारी त्यांना दवाखान्यात तुम्हीच नेता ना. मला म्हणाल्या, 'पोरी, मी सांगितलं असं सांगू नकोस हां. आणि गाडी काढून घेतलीत तर माझ्या गुरुवारचं काय, तेवढं बघ बाई.' मी अजून काहीही बघितलेलं नाही. आणि त्यांना दिलेला शब्दही आज मोडते आहे.

नव्या वर्षाच्या जेवणावर धाकट्या योइचीने गाडी चालवायचा परवाना परत करायचा विषय काढला, तेव्हा तुम्ही जेवायच्या काड्या खाली ठेवल्यात आणि अंगणात जाऊन तासभर बंद गाडीत बसलात. आम्ही दोघं खिडकीतून बघत होतो. योइची म्हणाला, 'ताई, सरळ सांगून म्हातारा ऐकायचा नाही. गोड बोलूनच न्यावं लागेल.' मी त्याला गप्प केलं नाही. कुठे न्यायचं आणि काय सांगून न्यायचं, हे मीच सुचवलं.

नकाशावरचा मियाझूचा शेवटचा थांबा मी घालायला लावला. तिथे कॉफीचं एक छान दुकान आहे म्हटलं. तुम्ही म्हणालात, 'कॉफी, आणि मी? बरं, तू पाजणार असशील तर पितो. पण गाडी लावायला जागा आहे ना? अरुंद असली तर आधीच सांग.' मी म्हटलं, 'भरपूर आहे बाबा.' इतकं सहज म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं. आणि मग परवा ओकुनो आजींचा पुन्हा फोन. म्हणाल्या, 'तुझे बाबा रोज सकाळी दीपगृहाच्या वळणावर गाडी घेऊन जातात गं, मुंगीच्या पावलांनी. विचारलं तर म्हणतात, लेक शेजारी बसणार आहे, तिला भीती वाटता कामा नये.' वयस्कर चालकांचा तो चार रंगीत पानांच्या नक्षीचा बिल्लाही तुम्ही गाडीला लावलात म्हणे. 'कपाळावर म्हातारा असं लिहून फिरू का' म्हणत पाच वर्षं खणात टाकून दिलेला. बाबा, हे ऐकल्यापासून मला माझी किळस येते आहे.

मी सांगितलं तसं दुकान मियाझूला नाही. तो थांबा म्हणजे पोलीस ठाणं आहे, परवाना तिथेच परत करतात. त्याच्या आवारात योइची उभा राहणार होता आणि त्याच्यासोबत गाडी विकत घेणारा माणूस. तुम्ही मला दिवसभर समुद्र दाखवणार होतात, आणि मी तुम्हाला स्वतःच्या हातांनी गाडी चालवत तिथवर यायला लावणार होते. योइचीला मी येऊ नकोस म्हणून कळवलं आहे. तुम्ही आता गाडी चालवू नये, हे माझं मत बदललेलं नाही. पण ते मी शुक्रवारी सकाळच्या बसने येऊन, तुमच्या समोर बसून सांगेन. त्यानंतर निघायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मला दारातूनच परत पाठवलंत तरी माझी तक्रार नाही. या पत्रासोबत परवाना परत करायचा अर्ज आहे. तो मी महिन्यापूर्वीच भरून ठेवला होता. नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं. कारण विचारलंय त्या रकान्यात मी लिहिलंय, 'स्वतःच्या इच्छेने'. तुमचंच अक्षर वाटावं म्हणून ते दोन शब्द मी आधी वेगळ्या कागदावर चार वेळा गिरवून पाहिले होते.

तुमचीच,
चिहारू