बसव्वा जेवत नाही

॥ श्री ॥

कृतार्थ निवास, सोलापूर
सोमवार, ता. २२ नोव्हेंबर १९७६

चि. शांतम्मा हीस अण्णाचे अनेक उत्तम आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, इथं जेवण आणि झोप सोडून तिसरं काम नाही, आणि झोप काही येत नाही.

अक्कलकोटच्या आपल्या मंडळींना मी इथं कसा आहे याची काळजी वाटते असं तू लिहितेस. त्यांना सांग, उत्तम आहे. माहितीपत्रकात छापलंय की इथं घरच्यासारखी देखभाल होते, आणि ते अगदी खरं आहे. घरी माझं कुणी ऐकत नव्हतं, इथंही ऐकत नाही. आम्ही अकरा पुरुष आणि सात बायका, व्हरांड्यात मधे लाकडी जाळी. आमचे व्यवस्थापक ट्रेझरीतून निवृत्त झालेले, नगरकडचे गृहस्थ आहेत. कुलूप, किल्ली आणि पावती यांच्याशिवाय जगात काही पवित्र असतं हे त्यांना ठाऊक नाही. हल्ली देशभर शिस्तीची हवा आहे, त्यामुळं आमच्या नियमांची पाटी वाढत वाढत न्हाणीघराच्या दारापर्यंत पोचली. सकाळी कारकून वही घेऊन येतो आणि पोट साफ झालं का विचारतो. हो म्हटलं तरी खूण करतो, नाही म्हटलं तरी तीच खूण करतो. वही मात्र वर्षभर स्वच्छ आहे.

आता मुख्य गोष्ट. गेल्या गुरुवारी बायकांच्या बाजूला एक नवीन म्हातारी आली. बसव्वा नाव, तुमच्या अक्कलकोटच्या पलीकडच्या कुठल्याशा खेड्यातली, ऐंशीच्या घरातली. मूलबाळ नाही. टेंभुर्णीला तिचा पुतण्या निंगप्पा ट्रकचा धंदा करतो, तो तिला आणून सोडून गेला. जाताना मागं वळूनही बघितलं नाही म्हणे. ती आल्यापासून जेवत नाही. दोन वेळा पेलाभर ताक घेते, तेही डोळे मिटून, शिक्षा भोगल्यासारखं. सगळं कानडीत बोलते, आणि इथं त्या भाषेचा कुणालाच गंध नाही. सारखा गळ्याला हात लावते आणि काहीतरी मागते म्हणे. व्यवस्थापकांनी ओळखलं की घसा धरलाय, आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुरू केल्या. डॉक्टर महिन्यातून एकदा येतात, तोवर गुळण्या.

खरं कारण मला दिसतंय. इथं बंब नऊ वाजता पेटतो. आपल्यातल्या बाया अंघोळ-पूजेशिवाय घास घेत नाहीत, आणि या थंडीत ऐंशी वर्षांची बाई गार पाण्यानं कशी न्हाईल? तिचा घसा त्यामुळंच धरला. मी चार पानी अर्ज केलाय की बंब सहाला पेटवावा. रेल्वेत चौतीस वर्षं काढली, अर्ज कसा लिहावा हे मला शिकवायला नको.

तुला कानडी येतं, मग तूच जाऊन विचार, असं तू म्हणशील. ते मी इथं कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं की दुभाषा करून ठेवतील आणि दिवसभर जाळीपाशी उभं करतील. शिवाय पुरुषांनी जाळीपाशी रेंगाळू नये हा नियम क्रमांक चौदा आहे. कमिटीतले चनबसप्पा तेलवाले लहानपणी तुझ्या हाताखाली शिकले ना? माझ्या अर्जाबद्दल त्यांच्या कानावर घाल.

तब्येतीस जप. माया आहे तशी राहू दे, पाणी मात्र इथलं गार आहे.

तुझा अण्णा

॥ श्री ॥

अक्कलकोट
बुधवार, ता. २४ नोव्हेंबर १९७६

ति. स्व. अण्णा यास धाकट्या शांतम्माचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र वाचून फार करमणूक झाली. सुनेलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, मामांजींनी चार पानी अर्ज लिहिला म्हणजे कमिटी आता वाचण्यातच गार होणार.

तुझ्या बंबाच्या चळवळीचं कौतुक वाटतं. होटगीच्या क्वार्टरमध्ये वहिनी पहाटे उठून तुझं पाणी तापवायची, बादली उचलून न्हाणीत ठेवायची, आणि पाणी कोमट निघालं की तू आतून आरडाओरडा करायचास. ती स्वतः कशानं न्हायची हे तुला कधी ठाऊक होतं का? आता एका परक्या म्हातारीच्या अंघोळीसाठी तुला एवढा कळवळा आलाय, तर वहिनी असती तर तिला किती बरं वाटलं असतं! वाईट वाटून घेऊ नकोस. वाटलं तर थोडं वाटू दे.

चनबसप्पाला मी चिठ्ठी पाठवली. तो शाळेत असताना प्रश्न नीट न ऐकताच हात वर करायचा. कमिटीवर त्याला घेतलं यात नवल नाही.

पण मला एक सांग. ती बाई गळ्याला हात लावते आणि काहीतरी मागते, असं तू लिहितोस. काय मागते? तिला कुणी विचारलं का? पाण्याचं म्हणतोस तर पाण्यासाठी गळ्याला कोण हात लावतं? अण्णा, आईचं अख्खं आयुष्य कानडीत गेलं आणि तिच्याशी तू शेवटपर्यंत त्याच भाषेत भांडलास. चार शब्द बोलल्यानं तुझी रेल्वे रुळावरून उतरणार नाही. मला त्या बाईची काळजी वाटते. पाच-सहा दिवस नुसत्या ताकावर राहायचं म्हणजे गंमत नव्हे.

गुडघ्याला तेल लाव. राग आला असेल तर तो लवकर काढून टाक आणि प्रेम ठेव.

तुझी शांतम्मा

॥ श्री ॥

कृतार्थ निवास, सोलापूर
शनिवार, ता. २७ नोव्हेंबर १९७६

चि. शांतम्मा हीस अण्णाचे आशीर्वाद, या खेपेस थोडे कमी.

तुझ्या टोमण्यांना उत्तर देत नाही, कारण मी जिंकलो आहे. चनबसप्पांनी कमिटीत विषय काढला आणि कालपासून बंब सहाला पेटतो. व्यवस्थापकांचं तोंड कडू झालं, पण त्यांनी लगेच पाटीवर नवा नियम लिहून घेतला की ही सोय संस्थेनं स्वेच्छेनं केली आहे. काल आणि आज मी कढत पाण्यानं अंघोळ केली. तीन वर्षांत अंग एवढं हलकं वाटलं नव्हतं. बाकीच्या दहाही जणांनी माझे आभार मानले.

आणि ती बसव्वा? तिच्यापुढं सारजाबाईनं, म्हणजे इथल्या आयेनं, वाफाळती बादली नेऊन ठेवली. तिनं मुकाट्यानं अंघोळ केली, कपाळाला राख फासली, आणि ताटाकडं पाठ करून बसली! म्हणजे ज्या बाईसाठी मी कमिटीशी वैर घेतलं तिनंच मला तोंडघशी पाडलं. सगळे मला विचारतात, अण्णाराव, तुमची म्हातारी जेवली का? मला तर आता वाटायला लागलंय की ही बाई हट्टीच आहे. पुतण्यावर सूड उगवतेय, दुसरं काय.

सारजाबाई म्हणाली की काकी लई अशक्त झाल्यात, भिंत धरून चालत्यात. व्यवस्थापकांनी वहीत "अन्नास नकार, स्वभाव हेकट, बुद्धिभ्रम असावा" अशी नोंद केली आणि निंगप्पाला पत्र टाकलं. रविवारी, पाच तारखेला, कमिटीची सभा आहे. तोवर ती जेवली नाही तर तिला इथून काढणार. निंगप्पाचं उत्तर आलंय की घरी आणू नका, जागा नाही. मग राहतो सरकारी दवाखाना, आणि तिथं वेडसर म्हणून दाखल केलेली म्हातारी परत बाहेर येत नाही हे इथं सगळ्यांना माहीत आहे. मला वाईट वाटतं. पण मी आणखी काय करणार? मी माझ्या परीनं केलं.

मंगळवारी होटगीला आमच्या जुन्या पॉइंट्समनच्या नातीचं लग्न आहे, तिकडं जाऊन येईन. हुग्गीचं, गव्हाच्या खिरीचं, जेवण आहे म्हणे.

रुसवा नाही. असलाच तर मंगळवारच्या जेवणात विरघळेल. लोभ तेवढा ठेव.

तुझा अण्णा

॥ श्री ॥

अक्कलकोट
बुधवार, ता. १ डिसेंबर १९७६

ति. स्व. अण्णा यास शांतम्माचा नमस्कार वि. वि.

मी काल सोलापूरला येऊन गेले. तू लग्नाच्या पंगतीत होतास म्हणून भेट झाली नाही. हुग्गी कशी होती?

सकाळच्या एस्.टी.नं आले. स्त्री-विभागात जायला मला कुणी अडवलं नाही, कारण तुझ्या नियम क्रमांक चौदात बायकांचा उल्लेख नाही. बसव्वा कोपऱ्यात वाकळेवर बसली होती. मी खाली बसले, तिचा हात हातात घेतला आणि कानडीत विचारलं की अव्वा, काय झालं, जेवत का नाहीस. अण्णा, एवढंच विचारलं. या प्रश्नाला चार पानं लागत नाहीत. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि मग लहान पोरीसारखी रडायला लागली. बारा दिवसांत तिला समजेल असं पहिलं वाक्य कुणीतरी बोललं होतं.

तिचं लिंग काढून घेतलंय.

गळ्यातली चांदीची करडगी रे, इष्टलिंगाची डबी. आठवते ना तुला? मौल्यवान वस्तू कार्यालयात जमा कराव्यात, हा नियम क्रमांक तीन. दाखल झाल्या दिवशीच व्यवस्थापकांनी शिवदाऱ्यासकट, गळ्यातल्या दोऱ्यासकट, उतरवून घेतली आणि कपाटात ठेवली. लग्न होऊन आली तेव्हापासून, नव्हे त्याच्याही आधीपासून, त्या बाईनं लिंगपूजेशिवाय अन्नाला हात लावलेला नाही. ताकही नको होतं तिला, पण जीव जाऊ द्यायचा धीर होईना म्हणून घेत होती आणि रोज त्याची माफी मागत होती. गळ्याला हात लावून तेच मागत होती, सगळ्यांकडं, सकाळ-संध्याकाळ. सारजाबाई मला सांगत होती की काकी लई मागत व्हत्या, म्या सायबांना सांगितलं बी, तर सायेब म्हनले घसा दुकत आसंल, गुळण्या द्या. गार पाण्याचं तिला काहीच नव्हतं. ती जन्मभर विहिरीच्या पाण्यानं न्हाली. कढत पाणी तुला हवं होतं.

मी तडक कार्यालयात गेले. तुमचे साहेब म्हणाले की जमा वस्तू नातलगाच्या लेखी अर्जाशिवाय परत मिळत नाही. मी त्यांना म्हटलं की अर्ज आमच्या घराण्यात पुष्कळ लिहून झाले आहेत, आता किल्ली आणा. पस्तीस वर्षं पोरांना बाकावर उभं केलंय मी, तो आवाज अजून गेलेला नाही. त्यांनी कपाट उघडलं. वहीत काय नोंद होती सांगू? "चांदीची डबी, नग एक. आत काळा गोळा, बिनकिमती." मी तो मजकूर त्यांना दोनदा मोठ्यानं वाचायला लावला. बाहेर सारजाबाई आणि स्वयंपाकीण ऐकत उभ्या होत्या.

तिनं करडगी घेतली ती आधी डोळ्यांना लावली. मग कितीतरी वेळ पूजा चालली होती. नंतर तिनं दीड भाकरी खाल्ली, आमटीत कुस्करून, आणि चटणी मागून घेतली.

व्यवस्थापकांवर मी रागावले, पण फार नाही. ते नगरचे, त्यांना काय ठाऊक. तू मात्र आपल्यातला. तू तिला रोज जाळीतून बघत होतास, अण्णा. कपाळावर विभूती आणि गळा मोकळा, हे तुला दिसलं नाही? दिसणार कसं म्हणा. रेल्वेत लागलास तसं तू तुझं लिंग खुंटीला अडकवलंस, आणि पुढं वहिनीच स्वतःच्याबरोबर तुझ्याही लिंगाची पूजा करत राहिली. ती गेल्यावर ते कुठं गेलं हे मी विचारत नाही. उत्तर ऐकायची भीती वाटते.

जास्त लिहिलं असेल तर मोठ्या मनानं घे. नसेल घेता येत तरी बहिणीवर माया ठेव.

तुझी शांतम्मा

॥ श्री ॥

कृतार्थ निवास, सोलापूर
रविवार, ता. ५ डिसेंबर १९७६

चि. शांतम्मा हीस अण्णाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. दोन दिवस लिहायला बसलो नाही. हुग्गी बरी होती.

आज कमिटीची सभा झाली. बसव्वाचं नाव काढायच्या यादीतून गेलं. ती दोन्ही वेळ जेवते, त्याचं श्रेय अहवालात संस्थेच्या सकस आहाराला आणि वेळेवर केलेल्या गुळण्यांना दिलं आहे. चनबसप्पांनी तिला ताटापुढं बसवून तिचा फोटो काढून घेतला. व्यवस्थापकांनी नियम क्रमांक तीन सुधारला आहे. यापुढं देव कार्यालयात जमा करून घेतले जाणार नाहीत, पण आत आणताना त्यांची नोंद करावी लागेल. माझ्याही नावाचा ठराव झाला, बंबाबद्दल आभाराचा. टाळ्या वाजल्या. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण खुर्ची मधोमध होती.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. तुझ्या वहिनीबद्दलचंही. चांगलं वागलो असं म्हणायला मला काही सापडत नाही, आणि अर्जात जसं लिहितात तसं इथं लिहिता येत नाही.

सभा संपल्यावर मी जाळीपाशी गेलो. कारकून बघत होता, म्हटलं बघू दे. बसव्वा उन्हात पाय पसरून बसली होती. मी घसा साफ केला आणि विचारलं, ऊटा आतेनु. जेवण झालं का, एवढं विचारायला मला घाम फुटला गं. तिनं डोळ्यांवर हात धरून माझ्याकडं बघितलं. जेवले म्हणाली. मग फार मायेनं कानडीत विचारलं की बाबा, तू आजच आलास का इथं.

मी म्हणालो, तीन वर्षं झाली.

तिनं हात खाली घेतला आणि तोंड दुसरीकडं फिरवलं. मी बराच वेळ तिथंच उभा होतो. काय बोलायला हवं होतं ते तुला सुचलं तर कळव.

तुझा अण्णा