ब्रेक मी उघडले, पहिली फेरी माझीच

मी, खाली सही करणारी, वय तेवीस, आमच्या घरातली पहिली पदवीधर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि कोपरापर्यंत काळे झालेले हात साबणाने धुऊन हे मृत्युपत्र लिहीत आहे. मला कसलाही आजार नाही. बाबांच्या पावाच्या गाडीचे पुढचे दोन्ही ब्रेक आज सकाळी मी अंगणात दुरुस्त केले आणि आता ती गाडी मी पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावरून खाली नेणार आहे. एवढेच कारण.

आमच्या घरचा नियम असा की ज्याने ब्रेक उघडले त्यानेच पहिली फेरी मारायची, तीही एकट्याने. बाबांनी तो वीस वर्षे पाळला. निघण्याआधी ते मनगटावरचे घड्याळ काढून फळीवर ठेवत. बोलत काहीच नसत, पण ते घड्याळ परत हातात जाईपर्यंत आई दारातून हलत नसे. मी शिकलेली आहे, तेव्हा लिहून ठेवते.

यंदा बाबांचे गुडघे जमिनीला टेकेनात, म्हणून पाना माझ्या हाती आला. फेरी मात्र ते सोडायला तयार नाहीत.

"नट तू पीळ. उतार मी बघतो."

"मग नियम कशाला केलात?"

"तो माझ्यापुरता होता, बाई. तुझ्यासाठी नव्हता."

हा वाद मी येथे निकाली काढत आहे. नियम सर्वांना सारखा.

कलम १. पदवी मिळाली तेव्हा बाबांनी दिलेले घड्याळ बाबांनाच परत जावे. ते मी फळीवर ठेवत आहे.

कलम २. माझी सगळी बचत आईला. ती तिने फक्त गाडी शिकण्यासाठी वापरावी, बहिणीच्या लग्नासाठी नव्हे. ब्रेकच्या नळ्यांमधली हवा काढताना आई आयुष्यात पहिल्यांदा स्टिअरिंगपुढे बसली, ब्रेकवर पाय ठेवून. मी चाकापाशी. "दाब." "दाबलं." "धरून ठेव." "अगं, धरलंय! पाय काय पळून चाललाय माझा?" काम संपल्यावरही ती बराच वेळ उतरली नाही. ते मी पाहिले आहे.

कलम ३. माझी पुस्तके आणि खिडकीकडचा पलंग धाकट्या बहिणीला. "ताई, पलंग आत्ताच दे ना, मेल्यावर कशाला?" असे तिने विचारले आहे. मागणी फेटाळली.

कलम ४. कोपऱ्यावरच्या मेस्त्रीला काहीही नाही. सकाळी मी डावे चाक खोलत असताना तो कुंपणावरून म्हणाला, "पदवी घेऊन चाकं खोलतेस, मग आम्ही काय कॉलेजात जायचं?" जावे, असे माझे प्रामाणिक मत आहे आणि ते मी त्याला तिथल्या तिथे, उदाहरणांसह, सांगितले. त्याला काहीच मिळणार नसल्याने तो साक्षीदार म्हणून चालतो.

कलम ५. जॅक, दोन स्टँड, सगळे पाने आणि जुन्या भागांची स्टीलची वाटीही बहिणीलाच. वाटीत तांब्याचे चार जुने वॉशर आहेत. ब्रेकची नळी बोल्टने बसते आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक वॉशर लागतो. जुना चेपलेला असतो, तो परत वापरायचा नाही; पाय जोरात पडला की तिथून तेल सुटते.

येथे मी लिहिणे थांबवले होते.

मोजून लिहावे म्हणून मी वाटी पालथी केली. तीन वॉशर काळपट निघाले, चौथा लखलखीत. नवा. म्हणजे एक जुना अजून गाडीतच होता. अंगणात पायाला ब्रेक घट्ट लागत होता. जे कळायचे ते उतारावर कळले असते.

मी बाबांना सांगितले. आता चावी जाणार, असे वाटले.

"कुठलं चाक?"

"डावं. मेस्त्रीशी भांडत होते तेव्हाचं."

ते पायरीवर बसले. "उघड परत," म्हणाले.

जुना वॉशर आतल्या बाजूला चिकटून बसला होता. चूक मेस्त्रीची नाही. उत्तर देत बसले ती मी. कुंपणावरून हे ऐकून तो दुकानात जाऊन न मागता आणखी एक कोरा वॉशर घेऊन आला. "तिथला दुसराही आता दाबला गेलाय. दोन्ही नवे घाल." घातले. आई पुन्हा बसली, पुन्हा सगळी हवा काढली. (कलम ४ तरीही कायम आहे. नाहीतर नवा साक्षीदार शोधावा लागेल.)

"मी असतो तर वाटी मोजली नसती," बाबा म्हणाले. मग चावी त्यांनी स्वतः माझ्या हातात दिली.

कलम ६. मी परत आल्यावर हा कागद फाडू नये, फळीखाली टांगावा. आमच्या घरात यापुढे जो ब्रेक उघडेल त्याने पहिल्या फेरीआधी स्वतःचे मृत्युपत्र लिहावे आणि प्रत्येक वस्तू हातात घेऊन, मोजून लिहावी.

कलम ७. कलम १ रद्द. बाबांनी घड्याळ फळीवरून उचलून माझ्या मनगटावर परत बांधले आहे. "असू दे. किती मिनिटं लागली ते येऊन सांग."

साक्षीदार :
१. कोपऱ्यावरचा मेस्त्री (सही, खाली त्याच्याच अक्षरात : "वाचलं. कलम चार खरं आहे.")
२. शेजारच्या शिंपीणबाई (सही)

स्थळ : आमचे अंगण, गाडीची डावी बाजू
दिनांक : ९ मार्च, रविवार
वेळ : अकरा वाजून वीस मिनिटे, माझ्या हातातल्या घड्याळाप्रमाणे
सही : मोठी मुलगी