खिडकीतला कूलर

नेर. मंगळवार, पोळ्यानंतरचा.

पिंकीचा ताप आजही उतरला नाही. डॉक्टरांनी डेंग्यूसाठी रक्त तपासायला पाठवलंय, रिपोर्ट उद्या मिळेल. सासूबाई म्हणतात, "हवा बदलली न, दुसरं काही नाही." तसंच असू दे देवा.

पण तो कूलर! उन्हाळा संपला तरी आम्ही तो खिडकीतून काढतच नाही. यांचं दरवर्षीचं ठरलेलं, "ऑक्टोबरात पुन्हा लागतेच न, मंग आता कायले काढाचा?" मलाही ते पटतं. आज संध्याकाळी बाजूची जाळी काढून आत टॉर्च मारला, तर टाकीत पावसाचं पाणी साचलेलं आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. पिंकीचा पलंग त्याच खिडकीखाली. रोज अंधार पडायच्या आधी मी दारं लावून घेते, बाहेरून डास येतात म्हणून. बाहेरून!

सगळं पाणी मातीत ओतलं, टाकी खसाखसा घासली. आता घासून काय उपयोग? रिपोर्टमध्ये निघालं तर... नको, ते लिहायचंच नाही.

कोरडा कूलर पुसत होते, तेवढ्यात पलंगावरून पिंकीचा आवाज आला, "आई, कूलर लाव न. मले खूप गरमी होऊन राह्यली."