आडव्या बाटलीची दुसरी खेप

ती. अक्कांना भावजय द्वारकेचा पाया पडून नमस्कार. गुडघा कसाय? वाळूजच्या त्या बिल्डिंगची लिफ्ट चालू झाली का नाय? (फोन केला तर तुमचे भाऊ कान लावून बसतात, म्हणून पत्र.) इकडं समदं बरंय. म्हशीनं परवा मला लाथ मारली, म्हणजे तिची तब्येत झकास.

आता आमची फजिती ऐका. गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायला मागं बायांचं मतदान झालं ना, उभी बाटली म्हंजे दुकान राहू द्या, आडवी म्हंजे बंद. आडवीलाच मतं जास्त पडली! आम्ही सकाळीच बुंदी पाडलेली, फुलंब्रीचा बँड येऊन बसलेला. अन् साहेब म्हणाले, हरलात. का, तर यादीतल्या समद्या बायांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. म्हंजे घरी पापड लाटत बसलेली बाई सुद्धा बाटलीच्याच पार्टीत! बुंदी वाया गेली नाय म्हणा, दुकानापुढच्या मंडळींनी चकण्याला खाल्ली.

आता बाया पुन्हा मतदान मागायचं म्हणत्यात, अन् माझा जीव खालीवर होतोय. पुन्हा हरलो तर सांडू दुकानदार बोर्डाला लायटिंग लावील. जिंकलो तर त्याची बायको आमच्याच बचत गटात, आत्ताच माझ्याशी बोलत नाय (तिच्या लोणच्यावाचून माझं लई अडतंय, पण सांगता कुणाला). शिवाय गडी फटफटीवर शहरात जाऊन पितील अन् रस्त्यात पडतील. दारात पडलेला उचलता तरी येतो. तुमचे भाऊ पिऊन वाईट वागत नाहीत, अक्का. नुस्ती माफी मागत बसतात. मला तेच बघवत नाय. औंदा चहाची बशी दोन्ही हातांनी धरतात.

म्हणून म्हणते, नकोच दुसरं मतदान. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तुमची,
द्वारका

ता. क. : अर्जावर पहिली सही माझीच हाय. तुमच्या जावईबापूंच्या नोकरीपायी तुम्ही वाळूजला गेलात, पण तुमचं नाव अजून इथल्याच यादीत हाय. सहज सांगितलं. मतदानाला याल का?

आणखी ता. क. : अक्का, मी पुंजाराम. द्वारकीनं पत्र टपालात टाकायला दिलं, मी फोडलं. तिला सांगू नको. तू ये. तिकडं आपल्या गावच्या जेवढ्या बाया असतील, तेवढ्या जीपमधी घालून आण. मला ते दुकान ओलांडून घरी येता येत नाय गं. तुम्ही बायांनीच ते उचला.