तापली की बंद पडते

बाबा,

आज मी गाडीचे सेन्सर बदलले. अंगणात, लिंबाच्या सावलीत, माझ्याच हातानं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज कसा होता ते आता आठवून बघावं लागतं. शब्द मात्र सगळे पाठ आहेत.

ही गाडी तुमची नाही. तुमची मी तेरवी आटोपताच भंगारात दिली. ही मी घेतलेली, तीही जुनीच. मी नर्स झाले, मानोऱ्याच्या आजूबाजूच्या तांड्यांवर लसी घेऊन फिरते, त्यासाठी. हिलाही तुमच्या गाडीचाच आजार जडला. तापली की इंजिन बंद, थंड झाली की जसं काही झालंच नाही. मी ओळखलं. क्रँकचा सेन्सर. इंजिन फिरतंय की नाही हे तो सांगतो, आणि तापल्यावर तो मुका झाला की इंजिन तिथंच मरतं. त्याच्या जोडीचा कॅमचा सेन्सरही जुनाच होता, म्हणून दोन्ही आणले. बॅटरीची तार सोडली, एअर फिल्टरचा डबा काढला, हात आत घातला. बोल्ट सुटला, पण सेन्सर आपल्या भोकात चिकटून बसला होता. माय खाटेवर मेथी निवडत बसली होती. ती म्हणाली, "हळू कर वं, तुटन ते."

तुम्हालाही हे माहीत होतं, बाबा. कारंज्याच्या मिस्त्रीनं माझ्यासमोर सांगितलं होतं, "काका, सेंसर गेला. गरम झाली का बंद पडन. दुखणाईत माणूस घेऊन जाऊ नका." घरी येताना मी एवढंच म्हणाले की बदलून टाकू. तुम्ही गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "आता पोरगी मले गाडी शिकवन? कामरगावच्या रोडवर जिपा चालवून माह्ये केस पिकले. त्याइले कुठं होते सेंसर?" मी तोंड उघडलं नसतं तर तुम्ही तो बदललाही असता. मी बोलले, म्हणून तो तसाच राहिला.

मग ती उन्हाळ्यातली दुपार. मायला दमा उठलाय. मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या खांद्यावर आहे, आणि आपण वाशीमच्या दवाखान्यात निघालो आहोत. आसेगावच्या अलीकडे गाडी एक धक्का देते आणि बंद पडते. तुम्ही चावी फिरवता, फिरवता, पुन्हा फिरवता. मग मागे न बघताच म्हणता, "उतरा दोघी. धक्का मारा."

"माय कशी धक्का मारन, बाबा? तिले दम घेता येऊन नाई राह्यला."

"मरत नाई थे. लगन झालं तवापासून मरूनच राह्यली."

ती उतरली. मी तिचा हात धरला तर तिनं सोडवून घेतला, आणि तापलेल्या पत्र्यावर दोन्ही तळवे टेकून ढकलू लागली. तुम्ही स्टेअरिंगवर होतात. आरशात दिसत असेलच. ती डांबरावर बसली तेव्हासुद्धा तुम्ही चावी फिरवत होतात. कांद्याच्या टेम्पोवाल्यानं आम्हाला घेतलं. मी म्हटलं, चला, आणि तुम्ही म्हणालात, गाडी कोणाच्या भरवशावर सोडू? नंतर इंजिन थंड झालं, गाडी सुरू झाली, आणि तुम्ही ती वळवून घरी नेलीत. दवाखान्यात नाही, घरी. मायच्या नाकाला नळी होती तेव्हा तुम्ही ओट्यावर बसून शेजाऱ्यांना सांगत होतात की गाडीला काही झालं नव्हतं, पोरगी उगाच बोंबलते.

माय वाचली, पण भरलेली घागर तिनं पुन्हा कधी उचलली नाही. मग तुमची पाळी आली. अर्धं अंग गेलं, तोंड शाबूत राहिलं. नातेवाईक यायचे आणि म्हणायचे, काय नशीबवान माणूस, बायको कशी सेवा करते. ती करायची, हे खरं. भरवायची, कूस बदलून द्यायची. पण एका दुपारी तुम्ही पाण्यासाठी हाका मारत होतात आणि ती तुमच्या उशाशीच भिंतीला टेकून बसली होती. मी स्वयंपाकघरात होते, दारातून तुम्ही दोघं दिसत होतात. मला तिचा आवाज आला, अगदी शांत, "थांबा. गरम झाली मी. थंडी झाली का उठतो."

तुम्हाला ते कळलं होतं. कारण त्यानंतर तुम्ही हाक मारली नाही. नुसते बघत राहिलात तिच्याकडे. आणि मी पोळी लाटता लाटता हसले. पोळी करपेपर्यंत हसले. त्याचं मला कधीही वाईट वाटलेलं नाही, आजही वाटत नाही.

सेन्सर शेवटी निघाला. जागा पुसली, नव्याच्या रबरी रिंगला तेलाचं बोट लावलं, बसवला. मग कॅमचा. सगळं जोडून चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली. माय म्हणाली, "चाल, पाहू दमते का." भर उन्हात आसेगावच्या पुढे जाऊन आलो. माय पुढच्या सीटवर, काच खाली, पदर तोंडावर उडतोय. ती जागा आली तेव्हा मी तिच्याकडे बघितलं. तिनं रस्त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती म्हणाली, "मेथीले पाणी मारून ठेवाले पाह्यजे होतं."

हा कागद पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवला नसता. एका गोष्टीसाठी. सकाळी अंगणात इंजिन सुरू झालं तेव्हा मी सगळ्यात आधी मायकडे बघितलं नाही. मी दाराकडे बघितलं, जिथं तुम्ही कमरेवर हात ठेवून उभे राहायचात. तुम्ही बघताय का, म्हणून. मायनं ते पाहिलं, आणि खाली मान घालून मेथी निवडत राहिली.